मुलांच्या खोलीतली रंगपेटी

नाही नाही, बसा ना काकू, जागा आहे — ही बॅग घेतो मी मांडीवर. हो, लॅपटॉपच आहे, पण आज कामाचा नाही, खेळायचा आहे. हसू नका! मी नाही, माझी मुलगी खेळणार. म्हणजे आम्ही दोघं. एक तास मिळतो आम्हाला, एक शनिवार सोडून एक, त्या समोरच्या खोलीत — ते दार दिसतंय ना, ज्यावर कोणीतरी हत्ती रंगवलाय? हत्तीच आहे तो, सोंडेवरून ओळखायचा, बाकी सगळी म्हैस आहे. मुलांची खोली म्हणतात. आईबाप वेगळे झालेत, मूल एकाकडे आहे, मग दुसऱ्यानं इथे कोर्टात येऊन भेटायचं. तुमचं कोण आहे आत? मुलगी? — असू दे, असू दे, नका सांगू. इथे कोणी कोणाला विचारत नाही खरं तर. सकाळपासून कोणाशी बोललो नाहीये ना, म्हणून मीच आपला सुटलोय.

वेळ आहे अजून. तिचा मामा आणून सोडतो तिला, तो कधी वेळेवर येत नाही. आला की मान हलवतो, मीही मान हलवतो, झालं आमचं बोलणं. — एक मिनिट हं, फोन... हां, बोल. नाही आले अजून. तू तिथेच थांब. इंजिन बंद कर की मग! — मित्र आहे. गाडी घेऊन आलाय, मागे उभा आहे. मागे म्हणजे... आपलं पार्किंगला. ते जाऊ द्या.

तुमच्या मुलीच्या शाळेत कॉम्प्युटर होते का हो? आमच्या होते. जिन्याखालची खोली होती, त्या अख्ख्या शाळेत एसी म्हणून असला तर तिथेच. बूट बाहेर काढायचे, जसं काही मशीनला सर्दी होणार होती आमच्या बुटांनी! मग फाटके मोजे लपवत, एकमेकांच्या मागे दडत आत जायचं. प्रत्येक मशीनवर कापडाची झूल, आमच्या सरांच्या बायकोनं शिवलेली, फुलाफुलांची — सरांच्या घरी पडदेही त्याच कापडाचे होते म्हणे. अर्धा तास सर फळ्यावर माऊसचं चित्र काढून त्याला बाण काढत बसणार, आणि आमचे हात नुसते शिवशिवताहेत. मग एकदाचे म्हणायचे, “हं, उघडा.” काय उघडा? तर रंगपेटी. तिचं खरं नाव काहीतरी परदेशी होतं, ते कोणाला म्हणता येत नव्हतं, आम्ही रंगपेटीच म्हणायचो. पांढरं पान, डावीकडे पेन्सिल, ब्रश, फवारा, खाली रंगांचे चौकोन. आणि शिक्के होते — बदक, झाड, आगगाडी. बदकाचा शिक्का मारला की बदक ओरडायचं, काकू! पंधरा मशीन, पंधरा बदकं, एकदम! सर नुसते ओरडताहेत, “आवाज बंद! आवाज बंद!” आणि त्यांचं ऐकतंय कोण.

त्यात एक बादली होती. रंग ओतायची. तुम्ही घर काढलंत, भिंतीच्या आत बादली नेऊन टिचकी मारली, की भिंत लाल. पण रेघ कुठे एवढीशी जरी तुटलेली असेल ना, तर रंग बाहेर. नुसता बाहेर नाही — अख्खं पान लाल, आकाश लाल, बदक लाल. आणि ती फट डोळ्याला दिसत नाही, बरं का. माझं दर वेळी व्हायचं ते.

तर एका मशीनवर दोघं असायचे. हजेरीच्या क्रमानं जोड्या लावलेल्या. माझ्या शेजारी एक मुलगी यायची, दोन वेण्या, एक कायम सुटलेली. माऊस तिनं कधी मागितला नाही माझ्याकडे. नुसती बघत बसायची. आणि पान लाल झालं, मी डोक्याला हात लावला, की स्क्रीनवर बोट ठेवायची. “इथून.” बस्स, एवढंच. छपराच्या कोपऱ्यात, कुठे दाराच्या खाली, जिथे बोट ठेवेल तिथे फट असायचीच. मी विचारायचो, तुला दिसते कशी गं? तर म्हणायची, दिसत नाही रे, तू तिथून घाईघाईत गेलास ते लक्षात राहतं.

ओळखलंत ना? हो. तीच. भिंगरीची आई.

भिंगरी म्हणजे माझी मुलगी. नाव दुसरं आहे, पण घरात आल्या आल्या गोल गोल फिरायची, फ्रॉकचा घेर होईपर्यंत, म्हणून भिंगरी. सात पूर्ण होतील आता. काय बडबड होती त्या पोरीची! जिना उतरताना सुरू व्हायची ती शाळेच्या फाटकापर्यंत. आणि मग आमच्या दोघांचं बोलणं बंद झालं. भांडणं म्हणाल तर तशी नाहीत हो. भांडणं बरी. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, वाढदिवसाचे फलक, दुकानांच्या पाट्या. ती मोठ्या ऑफिसात. मी थकून येणार, ती थकून येणार, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं हूं म्हणायचं. मग विचारणंही थांबलं. मग निरोप सुरू झाले. “बाबाला सांग, ताट वाढलंय.” “आईला सांग, मला भूक नाही.” तीन खोल्यांच्या घरात ती पोर निरोप पोचवत फिरायची. आणि एक दिवस तिनं ते बंद केलं. निरोपही नाही आणि बोलणंही नाही. शाळेत बोलायची म्हणे, मामाशी बोलायची. वेगळे झाल्यावर आईशी बोलायला लागली. माझ्याशी नाही.

इथे पहिल्या भेटीला आली ती या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. अख्खा तास. मी बाहुली आणली, फुगे आणले, एकदा तर हातरुमालाचा ससा करून दाखवला — तिथे बसून लक्ष ठेवणाऱ्या ताई आहेत ना, त्या हसल्या, ही नाही. मी तिच्या पाठीशी बोलायचो. काय गं, शाळा कशी आहे? डब्यात काय नेलंस? पाठ काही बोलत नाही हो माणसाची. घरी जाताना बसमध्ये वाटायचं, पुढच्या वेळी जाऊच नये. मग परत यायचो.

आणि मग मला ती रंगपेटी आठवली. कशी काय? दुकानात एका गिऱ्हाईकाचा फलक करत होतो, बादलीनं रंग ओतला, आणि तो सांडला सगळीकडे. मी तसाच बसून राहिलो. म्हटलं, हिच्यापुढे ते बदक ठेवून बघू. आमच्या जुन्या शाळेत गेलो आधी. खोली तीच, पण आता सगळे चपटे स्क्रीन, बूट घालून जातात आत, सर कधीच निवृत्त झालेले. मग इंटरनेटवर शोधत बसलो. काकू, जगात माझ्यासारखे किती वेडे आहेत सांगू! एक जागा सापडली, तिथे लोकांनी कॉम्प्युटरचे जुने जुने प्रोग्राम जपून ठेवलेत आणि खाली आठवणी लिहिल्यात. कोणी लिहिलंय, आम्ही माऊसच्या पोटातली गोळी चोरायचो. कोणी लिहिलंय, माझ्या शेजारचा मित्र आता नाही, त्यानं काढलेली आगगाडी अजून डोळ्यांपुढे आहे. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, आणि खोली सगळ्यांची एकच! मी ते उतरवून घेतलं, खटपट करून चालू केलं, आणि पहिला शिक्का मारला बदकाचा. अगदी तोच आवाज हो. दुकानातला छपाईच्या मशीनवरचा पोऱ्या बघायला लागला माझ्याकडे, साहेब रडताय का? म्हटलं, शाईचा वास डोळ्यांत गेला.

पुढच्या भेटीला काही बोललो नाही मी. खाली सतरंजीवर बसलो, लॅपटॉप उघडला, माऊस जोडला, बदक. परत बदक. तिसऱ्या बदकाला पाठ हलली. आणि वळली, काकू! चेहरा वळवून बघितलं तिनं, माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. मला काय, तेवढंही पुष्कळ होतं. त्याच्या पुढच्या वेळी शेजारी येऊन बसली. आणि मागच्या वेळी — मी घर काढलं, बादली ओतली, आणि नेहमीसारखं अख्खं पान लाल. मी डोक्याला हात लावला. खरं सांगतो, मुद्दाम केलं नव्हतं. तर एक छोटं बोट आलं, स्क्रीनवर टेकलं, आणि म्हणाली, “इथून.”

थांबा हं. जरा पाणी असेल तर... थँक्यू.

अगदी आईसारखं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या ताईंना म्हटलं, आलोच, आणि बाहेर जाऊन नळ सोडून उभा राहिलो. परत आलो तर माऊस तिच्या हातात होता. चौकोन काढत होती. म्हटलं, हे काय? म्हणाली, खिडकी. विमानाची. म्हटलं, कोण चाललंय विमानानं? तर म्हणाली — वर बघितलंसुद्धा नाही तिनं, रंग निवडत होती — “मी आणि आई. तिकडे आईचं नवीन ऑफिस आहे. आणि माझी शाळा. तिथे बर्फ पडतो, बाबा.”

इतक्या महिन्यांनी मला ‘बाबा’ म्हणाली, ते हे सांगायला.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, हो, अर्ज आलाय, मी कळवणारच होतो. कळवणारच होता! मंजूरही झाला. वर्षातून एकदा सुट्टीत भेट, आणि आठवड्याला व्हिडिओ कॉल. आता तुम्ही सांगा, तुम्ही मुलं वाढवलीयत — व्हिडिओ कॉलवर मूल वाढतं का हो? माझ्याशी बोलायला तिला पाठ वळवून किती महिने बसावं लागलं! तिकडे फोन वाजेल, ती कॅमेऱ्यापुढून उठून जाईल, मी भिंत बघत बसेन. आज शेवटचा तास आहे आमचा. शेवटचा.

म्हणून मी ठरवलं.

काय ठरवलं? काही नाही. — नाही, तुम्ही चांगल्या वाटता, सांगतो. त्या खोलीला मागे एक दार आहे. बाहेरून दिसत नाही, आत कपाटाच्या बाजूला. ताई चहाला जातात ना, त्या दारानं जातात. कडी आतून असते आणि जाताना त्या नुसतं ओढून घेतात. अर्ध्या तासानं जातातच. ते उघडतं मागच्या गल्लीत. गल्लीच्या टोकाला गाडी. मित्राला एवढंच सांगितलंय की मुलीला जरा फिरवून आणायचंय, परवानगी आहे. संध्याकाळपर्यंत माझ्या बहिणीच्या गावाला. तिची आत्या. आत्याला अजून बोललो नाही, पण ती नाही म्हणणार नाही. ह्या बॅगेत खाली तिचे दोन फ्रॉक आहेत, जुने, आता आखूड होतील. कानटोपी आहे.

अहो, असं काय बघताय? माझीच मुलगी आहे! चोरी आहे का ही? थोडे दिवस फक्त. विमान चुकेल, मग तिकडची नोकरी थांबायची नाही तिच्या आईसाठी, मग सगळे बसून बोलू. बोलावंच लागेल ना मग! निरोप नाहीत, वकील नाहीत, समोरासमोर. बसा ना. कुठे उठताय? बसा, काकू, पाया पडतो. ताईंना काही सांगू नका. मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे.

मी सगळं बघून ठेवलंय. दोनदा चालून बघितली ती गल्ली. गाडी आत येत नाही, तोंडाला लोखंडी खांब रोवलेत, तेवढं मात्र चालायला लागेल. चालायला म्हणजे, पळायलाच लागेल. उचलून घेईन मी तिला. जड झालीय आता, पण निम्म्यापर्यंत तरी घेईन, मग हात धरून. खेळ आहे म्हणून सांगेन, पळायचा खेळ. तिला पळायला आवडतं, तिला कोणी पळू देत नाही एवढंच. दम लागतो. छातीत शिटीसारखं वाजायला लागतं, मग पंप ओढावा लागतो दोनदा. तो तिच्या आईच्या पर्समध्ये असतो कायम...

मामाकडे असेल. असेल ना? इथे आणताना देत असेल ती. तासाभराला कशाला देईल पण? खोलीत तर नुसतं बसायचं असतं. नाही, औषधाच्या दुकानात मिळतो तो, वाटेत कुठेही घेऊ. काल विचारलं मी एका ठिकाणी. चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणाला. दुसरा देईल! सगळेच काही इतके...

तुम्ही काही म्हणालात का? मला वाटलं म्हणालात.

बालवाडीत असताना शाळेच्या मैदानावर झालं होतं एकदा. लिंबू-चमच्याची शर्यत, पळायचंही नसतं त्यात धड. आणि ही मध्येच खाली बसली. ओठ असे झाले, काकू — ह्या भिंतीचा खालचा पट्टा आहे ना, त्या रंगाचे. मी तिथेच उभा. शंभर माणसं होती आजूबाजूला आणि मी एका लिंबाकडे बघत उभा होतो, ते गडगडत चाललं होतं. तिची आई कुठून आली देव जाणे, चपला टाकून आली, मातीत बसली, हिला पोटाशी टेकवून घेतलं आणि इतक्या शांत आवाजात म्हणत होती, “घाई नाही. घाई नाही आपल्याला. हळू.” तिला म्हणत होती. मला वाटलं, मलाच म्हणतेय.

तिनं नाही का ओळखलं असतं आत्ता, मी कुठून घाईघाईत निघालोय ते.

त्या गल्लीत मी काय करणार होतो? मधोमध? मागे दार, पुढे खांब, आणि ही खाली बसलेली. काय करणार होतो मी, सांगा ना! सदऱ्यानं वारा घालणार होतो? बदक दाखवणार होतो?

...

फोन. कुठे ठेवला... हां. हॅलो. ऐक, तू जा. अरे जा म्हणतोय ना. नाही, काही झालं नाही, कोणी काही बोललं नाही. परवानगी नव्हती रे. मी खोटं बोललो तुला. हो. शिव्या नंतर दे, आत्ता गाडी काढ तिथून. बंद कर. — गेला. जाईल. भला माणूस आहे.

तुम्ही उठलात ते बरोबर केलंत. मी मघाशी तुमचा पदर धरला का? धरला असेल तर माफ करा. माझी आई असती तर तिनं एव्हाना दोन ठेवून दिल्या असत्या.

काय करू आता? जाऊ आत? जातो. खेळू आम्ही. विमान काढू म्हणेन, मोठं, तुम्हा दोघींना खिडकीत बसव म्हणेन. बर्फाला काय, रंगच लागत नाही, पांढरंच सोडायचं पान. पेनड्राइव्हवर घालून देतो रंगपेटी, मामाला म्हणेन, हे तिच्या आईला दे. मान हलवणार नाही नुसती, तोंडानं सांगेन. कशी सुरू करायची ते कागदावर... नाही, मीच फोन करेन तिच्या आईला. मीच. उचलेल का? उचलेल. एवढ्याचसाठी केला म्हटलं तर उचलेल.

ते बघा. आले. कॉरिडॉरच्या टोकाला, तो उंच माणूस, तो मामा. आणि ती पिवळी ओढणी गळ्यात गुंडाळलेली — ती आईची आहे, हिला दोनदा गुंडाळावी लागते. आज चक्क पुढे चालतेय त्याच्या.

काकू, एक काम कराल? ताईंना जाऊन सांगा, आज चहाला जाऊ नका म्हणावं. आणि मागच्या दाराला कुलूप लावून घ्या. कारण विचारलं तर सांगा, त्या बाकावरचा माणूस सांगत होता. हो, खरंच. आत्ता मी शहाण्यासारखा बोलतोय, पण एक तास फार मोठा असतो, आणि ती एकदा ‘बाबा’ म्हणाली की माझं काही सांगता येत नाही.

हसतेय. माझ्याकडे बघून हसतेय का ती? — अगं, दात! दात पडला तुझा? समोरचा? कधी? मला कोणी सांगितलंसुद्धा नाही... ये, ये, दाखव बघू. पळू नकोस! हळू ये. मी आहे इथेच.

जा ना काकू. आधी कुलूप.